परतीच्या वाटेवरची गुठळी

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के भरते, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पंधरा ते वीस टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. मोठ्या माणसात हा हिशेब मिनिटाला सुमारे पाऊण लिटरचा होतो. धमन्यांतून जेवढे रक्त आत येते तेवढेच त्याच मिनिटात शिरांतून बाहेर पडावे लागते. धमनी तुंबली की अर्धांगवायू होतो आणि फुटली की मेंदूत रक्तस्राव होतो, हे आता घरोघरी माहीत आहे. बाहेरची वाट अडली तर काय होते, याबद्दल मात्र क्वचितच बोलले जाते. पक्षाघाताच्या शंभर रुग्णांत असा एखादाच सापडतो. पण तो बहुधा तरुण असतो, आपल्याकडे पुष्कळदा नुकतीच बाळंत झालेली बाई असते, आणि आजार वेळेवर ओळखला गेला तर यांतले बहुतेक जण पुन्हा पहिल्यासारखे कामाला लागतात.

मेंदूच्या शिरांची रचना हातापायांच्या शिरांहून वेगळी आहे. पायांतल्या शिरांत रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात. मेंदूच्या शिरांत झडपा नसतात आणि त्यांच्या पातळ भिंतींत स्नायूंचा थरही नसतो. पृष्ठभागावरच्या शिरा मेंदूच्या जाड बाह्य आवरणाच्या दोन पदरांमधल्या पोकळ मार्गांत रिकाम्या होतात. या मार्गांना सायनस म्हणतात. सर्दीत भरणाऱ्या, नाकाजवळच्या सायनसांशी त्यांचा काही संबंध नाही. सर्वांत मोठा सायनस कपाळापासून निघून बरोबर भांगाच्या रेषेखालून मागे जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूच्या खोल भागातले रक्त आणणारा सरळ सायनस त्याला मिळतो. तिथून उजवा आणि डावा असे दोन आडवे सायनस कानांमागून वळण घेत खाली उतरतात आणि मानेतल्या जुगुलर शिरांत शिरतात. पुष्कळांचा उजवा सायनस मोठा आणि डावा बारीक असतो. काहींचा डावा तर नावापुरताच असतो. अशा माणसात उजवी बाजू बंद पडली तर बाहेर जायला फारशी वाटच उरत नाही, उलट डावी बंद पडली तर त्याला पत्ताही लागत नाही. माणूस आडवा असतो तेव्हा रक्त मुख्यतः जुगुलर शिरांतून उतरते. उभे राहिल्यावर त्या चपट्या होतात आणि मणक्याभोवतीचे शिरांचे जाळे त्यांचे काम उचलते. मेंदूतला दाब वाढलेल्या रुग्णाचे डोके झोपल्यावर अधिक का दुखते, याचे एक कारण इथे आहे.

दाबाचे गणित कवटीच्या कडकपणातून येते. एडिनबर्गच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये ते मांडले. पुढच्या संशोधकांनी त्यात पाण्याचा हिशेब मिळवला. मोठ्या माणसाच्या कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी अशा तीनच गोष्टी असतात. त्यांतला ऐंशी टक्के भाग मेंदूचा, उरलेला साधारण अर्धा-अर्धा रक्त आणि पाण्याचा. कवटी ताणली जात नाही, म्हणून तिघांपैकी एकाचे आकारमान वाढले तर दुसऱ्या कोणाला तरी तेवढी जागा सोडावी लागते. सुरुवातीला थोडे पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, थोडे रक्त शिरांतून बाहेर निघते आणि दाब फारसा हलत नाही. ही सवलत संपली की मात्र चमचा-दोन चमचे जादा द्रवानेही दाब झपाट्याने चढतो. कवटीतल्या रक्तापैकी सुमारे सत्तर टक्के रक्त शिरांच्या बाजूला असते. म्हणजे जागा मोकळी करून देण्याचे काम ज्यांच्याकडे, त्या शिराच तुंबल्या तर सवलत पहिल्याच दिवशी संपते.

आडव्या असलेल्या निरोगी माणसाच्या कवटीत ७ ते १५ मिलिमीटर पारा एवढा दाब असतो. वीस-बाविसाच्या वर तो टिकून राहिला तर उपचार करावे लागतात. मेंदूला रक्त पोचवणारा खरा जोर म्हणजे धमन्यांतला सरासरी दाब वजा कवटीतला दाब. धमनीत ९० आणि कवटीत १० असेल तर ८० हाती राहतात. कवटीतला दाब ४० झाला तर उरतात ५०, आणि तेवढ्यावर आधीच सुजलेल्या मेंदूचे भागत नाही. मग शरीर रक्तदाब वाढवून रक्त रेटू पाहते, नाडी संथ होते, श्वास अनियमित होतो. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही तीन लक्षणे एकत्र नोंदवली. ती दिसू लागतात तेव्हा वेळ फार थोडा राहिलेला असतो.

मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचराही याच वाटेने होतो. हे पाणी दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होते, आणि एका वेळी साठा असतो दीडशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळे पाणी बदलते. त्यातले पुष्कळसे भांगाखालच्या सायनसमध्ये घुसलेल्या सूक्ष्म कणिकांतून रक्तात जाते. पाण्याचा दाब सायनसमधल्या दाबापेक्षा जास्त असेल तरच हे घडते. सायनसमध्ये गुठळी बसून तिथला दाब ३०-४० वर चढला की पाणी मुरणे थांबते, तयार होणे मात्र चालूच राहते. मग पाण्याचा दाबही सायनसच्या दाबाला ओलांडेपर्यंत वाढत जातो.

जर्मन वैद्य क्वेकेनश्टेट यांनी १९१६ मध्ये हा संबंध रुग्णशय्येजवळ दाखवून दिला. कमरेत सुई घालून पाण्याचा दाब मोजत असताना मानेतल्या जुगुलर शिरा बोटांनी दाबल्या की दाब लगेच चढायचा आणि सोडल्या की उतरायचा. चढला नाही तर मणक्यात कुठेतरी अडथळा आहे असे मानले जाई. मेंदूत गाठ असेल तर ही चाचणी धोक्याची ठरते, त्यामुळे एमआरआय आल्यावर ती मागे पडली. मानेच्या शिरांवर दिलेला दाब काही सेकंदांत कवटीत उमटतो, हे मात्र आजही अतिदक्षता विभागात रोज कामी येते. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर किंवा नारायणगावजवळ दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मानेला घट्ट कॉलर बांधली, मान एका बाजूला वळलेली राहिली किंवा श्वासनळीतली नळी पक्की करणारी पट्टी गळ्याभोवती करकचून आवळली, तर जखमेने आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो. कॉलर मणक्याच्या रक्षणासाठी लागते, पण ती किती घट्ट आहे हे पाहावे लागते. मान सरळ आणि डोक्याची बाजू तीस अंश उंच, ही बिनखर्चाची गोष्ट महागड्या औषधाइतकेच काम करते.

गुठळीने होणारा अडथळा कॉलरसारखा सैल करता येत नाही. त्याचे परिणाम दोन तऱ्हेचे असतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. गुठळी फक्त मोठ्या सायनसमध्ये असेल आणि पृष्ठभागावरच्या शिरांना दुसऱ्या मार्गाने रक्त काढून देता येत असेल, तर केवळ दाब वाढतो. मेंदूला इजा होत नाही, स्कॅनमध्ये डाग दिसत नाही. डोके दुखते, उलट्या होतात, डोळ्याला बाहेर वळवणारी नस ताणली गेल्याने एकाची दोन माणसे दिसतात. डोळ्याच्या पडद्यावर जिथे दृष्टीची नस येऊन मिळते तिथे सूज चढते. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झाले तर दृष्टी कायमची जाते. हा प्रकार दिसायला सौम्य आणि म्हणून फसवा असतो.

गुठळी पृष्ठभागावरच्या शिरांत सरकली की दुसरा प्रकार सुरू होतो. आंबेगाव तालुक्यात डिंभ्याला घोड नदी अडवली तेव्हा पाणी भिंतीपाशीच थांबले नाही. ते मागे मागे चढत ओढ्यांच्या तोंडांत शिरले आणि ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगावच जलाशयाखाली गेले. शिरांतले रक्तही असेच मागे चढते, पण त्याला पसरायला दरी नसते. शिरेतला दाब मागे केशवाहिन्यांपर्यंत पोचतो, आणि दुसऱ्या टोकाकडून धमनी तर आपला रेटा देतच असते. आधी रक्तातले पाणी भिंतीतून मेंदूत झिरपते आणि तो भाग सुजतो. मग लाल पेशी झिरपू लागतात, शेवटी बारीक शिरा आणि केशवाहिन्या फुटतात. रुग्णालयात पोचेपर्यंत दर दहांतल्या सुमारे चार रुग्णांच्या मेंदूत असा रक्तस्राव झालेला आढळतो. धमनी फुटून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा तो वेगळा दिसतो. डाग कडेला, पृष्ठभागालगत असतो, कुठल्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही, आणि कधी भांगाच्या दोन्ही बाजूंना जोडीने असतो. खोल भागातल्या शिरा बंद झाल्या तर दोन्हीकडचे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातले भाग, सुजतात आणि रुग्ण झापड आल्यासारखा पडून राहतो. यात दिलासा देणारी बाब म्हणजे सुजलेला सगळा भाग मेलेला नसतो. वाट मोकळी झाली की एमआरआयवर गंभीर दिसणारे पट्टे पुसलेही जातात.

आजाराचे पहिले स्पष्ट वर्णन १८२५ मध्ये फ्रान्सच्या रिब यांनी केले. तीनच वर्षांनी जॉन ॲबरक्रॉम्बी यांनी एका चोवीस वर्षांच्या बाईची हकिगत नोंदवली. बाळंतपण सुखरूप झाले, दोनेक आठवड्यांनी फिट्स सुरू झाल्या आणि त्या न थांबताच ती गेली. शवविच्छेदनात शिरांत गुठळ्या सापडल्या. या हकिगतीतले वेळापत्रक आजही तंतोतंत जुळते. गर्भारपणाच्या अखेरीस रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि गोठणे आवरणारे प्रोटीन एस कमी होते. बाळंतपणातला रक्तस्राव वेळेत थांबावा म्हणून केलेली ही तरतूद बाळंतपणानंतरही काही आठवडे टिकते. तीत पाण्याची तूट, रक्ताची कमतरता किंवा जंतुसंसर्ग मिळाला की मेंदूच्या संथ शिरांत गुठळी धरायला निमित्त मिळते.

महाराष्ट्रात पुष्कळ घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. पोट सुटेल, बाळाला बाधेल, असा समज असतो. शेक, धुरी, बंद खोली आणि वर कमी पाणी, हे सगळे उन्हाळ्यात एकत्र आले तर रक्त दाट व्हायला वेळ लागत नाही. खसखस, डिंक, अळीव यांचे लाडू खुशाल द्यावेत. पाणी तोडण्याला मात्र कसलाच आधार नाही. भीमाशंकराच्या परिसरातल्या आहुपे, तळेघर अशा डोंगरी भागात पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी उन्हाळ्यात झरे-विहिरींच्या तळाशी जाते. तिथे बाळंतिणीच्या वाट्याला येणारे पाणी समजुतीमुळे कमी होते आणि हंड्यामुळेही.

भारतातल्या नोंदी मात्र बाळंतिणींपुरत्या थांबत नाहीत. हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते आणि सरासरी वय एकतिशीचे होते. ॲनिमिया, रक्तातले वाढलेले होमोसिस्टिन आणि दारू ही त्यांच्यातली ठळक कारणे होती. युरोप-अमेरिकेत या आजारात चारांतल्या तीन बायका असतात. तिथे गर्भनिरोधक गोळ्यांचा मोठा हात असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने सहाशेहून अधिक रुग्णांच्या रक्तात गोठण्याचे आनुवंशिक दोष शोधले. ते काही जणांत सापडले, बहुसंख्यांत नाही. होमोसिस्टिनचा धागा पुण्याला येऊन पोचतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टिन साठते आणि रक्त गोठण्याकडे झुकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टिन जास्त आढळले. तूट सर्वांत जास्त होती शहरी मध्यमवर्गात. हा अभ्यास मेंदूच्या गुठळ्यांवरचा नव्हता, आणि बी-१२ कमी असलेल्या माणसांतल्या फार थोड्यांनाच गुठळी होते. पण इतर एखादे निमित्त येऊन मिळाले तर ही जमीन तयार असते.

लक्षणांत डोकेदुखी दहांतल्या नऊ जणांत असते आणि पुष्कळदा तीच आधी येते. चाळीस टक्के रुग्णांना फिट येते. धमनीच्या पक्षाघातात फिट इतकी सर्रास दिसत नाही. अर्धांगवायू झाला तर तो हळूहळू चढतो, आज एका बाजूला आणि दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूलाही. बाळंतिणीत दोन चुका वारंवार होतात. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिलेले असेल तर डोकेदुखीचा दोष त्यावर टाकला जातो. त्या इंजेक्शनची डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. शिरांच्या गुठळीची आडवे होऊन, खोकून, शिंकून वाढते आणि दिवसागणिक चढत जाते. दुसरी चूक म्हणजे फिट आली की ती एक्लम्पशियाची मानणे. एक्लम्पशियात रक्तदाब वाढलेला असतो, लघवीत प्रथिने असतात आणि बाळंतपणानंतर तो झालाच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रक्तदाब सामान्य असताना आलेली फिट शिरांकडे बोट दाखवते. आणि फिट म्हणजे बाहेरचे काही तरी, असे ठरवून अंगारा लावत घालवलेले दिवस तर हिशेबातच येत नाहीत.

भीमाशंकराकडच्या डोंगरातून निघालेला रुग्ण घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय अशा पायऱ्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयापर्यंत जातो. भीमाशंकर ते पुणे हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे आणि घाटवाटेला पावसात धुके उतरते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, पण कुठे न्यायचे हे पहिल्याच पायरीवर ठरले तर अर्धा दिवस वाचतो. त्या पायरीवर आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला एवढेच माहीत असावे लागते: बाळंतपणाला दोन आठवडे झाले आहेत, डोके चढत्या क्रमाने दुखते आहे आणि फिट आली आहे, तर रुग्ण स्कॅन होईल तिथेच न्यायचा. साधा सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो, म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ या शब्दांवर थांबता येत नाही. शिरांत औषध भरून काढलेला सीटी किंवा एमआर व्हेनोग्राम निदान पक्के करतो. औषध भरल्यावर मागच्या सायनसच्या कडा उजळतात आणि मधली गुठळी काळी राहते, तेव्हा एक पोकळ त्रिकोण दिसतो. मेंदूविकारतज्ज्ञ तो नेमका शोधतात.

उपचाराचा मुद्दा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. मेंदूत रक्तस्राव झालेला असतानाही रक्त गोठू न देणारे हेपॅरिन द्यायचे. नातेवाईक घाबरतात, आणि पूर्वी डॉक्टरही घाबरत. पण रक्तस्राव शिरांच्या कोंडीमुळे झालेला असतो. कोंडी तशीच ठेवली तर तो वाढतो. हेपॅरिन गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही, आणि तेवढ्या अवधीत शरीर स्वतः ती झिजवून आडवाटा उघडते. बाळंतिणींना हेपॅरिन देण्याचे पहिले प्रयोग १९४० च्या दशकातले आहेत. शंका फिटायला मात्र १९९१ उजाडले. त्या वर्षी जर्मनीतल्या आइनहॉइप्ल यांच्या गटाने वीस रुग्णांचे निष्कर्ष मांडले. हेपॅरिन दिलेल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले आणि दोघांत किरकोळ दोष राहिला. औषध न दिलेल्या दहांत तिघे दगावले आणि पूर्ण बरा झाला तो एकच. फरक इतका ठळक होता की आणखी रुग्ण घेणे योग्य ठरले नसते. वीस जणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढचा अनुभवही त्याच बाजूने गेला. २००४ च्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ६२४ रुग्ण होते. बहुतेकांना रक्त पातळ करणारी औषधे दिलेली होती आणि मृत्यू किंवा परावलंबित्व मिळून सुमारे तेरा टक्क्यांवर राहिले.

हेपॅरिन देण्याच्या या नियमाला एक अपवाद २०२१ मध्ये पुढे आला. ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीनंतर, लाखांत एखाद्या व्यक्तीत, प्लेटलेट खाली जाऊन मेंदूच्या शिरांत गुठळ्या होत असल्याचे युरोपात आढळले. हीच लस भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशिल्ड नावाने बनवली. त्या आजारात शरीर प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, म्हणून तिथे हेपॅरिन टाळून दुसरी औषधे आणि इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले.

दाब हेपॅरिनने लगेच उतरत नाही. मॅनिटॉल किंवा तीव्र मीठपाणी सूज तात्पुरती ओसरवते. फिट्ससाठी वेगळे औषध लागते. एक बाजू इतकी सुजली की मेंदू मध्यरेषेपलीकडे ढकलला जाऊ लागला, तर कवटीचा मोठा तुकडा काढून त्याला बाहेर फुगायला जागा करून देतात. धमनीच्या पक्षाघाताच्या तुलनेत इथे ही शस्त्रक्रिया अधिक फळते. बेशुद्धीत गेलेले तरुण रुग्ण वर्षभराने स्वतःच्या पायांवर चालताना दिसतात. नळी घालून गुठळी ओढून काढण्याकडून मोठी आशा होती, पण २०२० मधल्या चाचणीत सरसकट फायदा दिसला नाही. ती आता निवडक रुग्णांपुरती ठेवली जाते.

रुग्णालयातून घरी गेल्यावर वॉरफेरिनसारख्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू राहतात. बाळंतपणासारखे तात्पुरते निमित्त असेल तर तीन ते सहा महिने, कारण न सापडल्यास वर्षापर्यंत, आणि गंभीर आनुवंशिक दोष असेल तर आयुष्यभर. वॉरफेरिन घेणारी आई बाळाला अंगावर पाजू शकते. नव्या गोळ्यांबाबत तशी खात्री नाही, म्हणून पाजणाऱ्या आईला वॉरफेरिनच देतात. डोळ्यांची तपासणी पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण डोकेदुखी थांबली तरी नसेवरची सूज मागे राहू शकते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या अशा बाईने पुन्हा घ्यायच्या नसतात. तांबी चालते. पुढच्या गर्भारपणाला बहुतेकींना मनाई नसते, पण गर्भाला अपाय होऊ नये म्हणून वॉरफेरिन आधीच थांबवून त्या काळात कमी मात्रेचे हेपॅरिन त्वचेखाली टोचतात आणि बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे ते चालू ठेवतात.